टेरिपॅराटाइडचं पेन, ठिसूळ हाडांसाठी: सासूबाईंना देतोय, सविस्तर अनुभव

आधी निकाल सांगते, कारण हे नाव शोधत येणाऱ्यांच्या घरात कुणीतरी आधीच पाठ धरून बसलेलं असतं आणि त्यांना सगळं वाचत बसायला वेळ नसतो. औषध म्हणून माझ्याकडून पाचपैकी पाच. पेन म्हणून चार. पण ते औषध आपल्या फ्रीजपर्यंत ज्या पद्धतीने पोचतं ना, म्हणजे दुकान, कुरिअर, आत घातलेला माहितीचा कागद, त्या सगळ्याला मी दोनच्या वर देणार नाही. आणि इतकं चांगलं औषध शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये वाया जाऊ शकतं याचं मला खरंच वाईट वाटतं म्हणून एवढं लिहितेय.

आमच्या सासूबाई सांगलीत आमच्याबरोबरच असतात, पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. उन्हाळ्यात पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ गेली. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसती बादली. बाम झाला, शेक झाला, मग एक्स-रे काढला तर डी-१२ चा, म्हणजे पाठीतला बारावा, मणका पुढच्या बाजूने दबलेला. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे ३ च्याही खाली (उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात). ऑर्थोच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की एक मणका दबला की पुढचा दबायची शक्यता वाढते, आता नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागणार नाही, रोज टेरिपॅराटाइडचं एक इंजेक्शन, दोन वर्षं. घरात सगळे गप्प. रोज? दोन वर्षं?

मग मी वाचायला बसले, आणि जे कळलं ते इतकं भारी आहे की ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही.

आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्या एक हार्मोन सोडतात, ८४ अमिनो ॲसिडची (प्रथिनं ज्या मण्यांची बनतात ते) साखळी. तिचं मुख्य काम रक्तातलं कॅल्शियम पडू न देणं, आणि त्यासाठी ती चक्क हाडातून कॅल्शियम काढून घेते. म्हणजे ज्यांच्यात हे हार्मोन सतत जास्त असतं त्यांची हाडं ठिसूळ होतात. मग तेच हार्मोन ठिसूळ हाडाच्या माणसाला कसं काय देतात? इथेच सगळी गंमत आहे. ते सतत अंगात राहिलं तर हाड झिजतं, पण दिवसातून एकदा थोडं दिलं आणि लगेच उतरलं तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३२ मध्येच पॅराथायरॉइडच्या अर्काचे छोटे छोटे डोस देऊन उंदरांमध्ये असा परिणाम पाहिला होता, पण त्याचं औषध व्हायला सत्तर वर्षं गेली. अमेरिकेच्या एफडीएची (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) परवानगी २००२ च्या नोव्हेंबरमध्ये आली. आणि औषधात अख्खी ८४ ची साखळी नाहीच, तिची पहिली ३४ अमिनो ॲसिड फक्त, कारण हाडावरचं काम तेवढा तुकडाच करतो. टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास रक्तात सगळ्यात जास्त असतं, पुढे साधारण तासातासाला निम्मं होत जातं. म्हणून हे पेन रोज टोचावं लागतं. हे एकदा नीट कळलं ना की रोजची सुई अन्याय वाटत नाही. ते लवकर उतरणं हाच तर औषधाचा गुण आहे.

आता हा तुकडा येतो कुठून, तर ई-कोलाय नावाच्या बॅक्टेरियाकडून. मूळ कंपनीचं औषध तसंच बनतं आणि आम्हाला जे देशी पेन मिळालं त्याच्या खोक्यावरही रिकॉम्बिनंट (म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या) ई-कोलायचा उल्लेख आहे. तो मी सासूबाईंना वाचून दाखवला तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं म्हणजे जंतू टोचणार का मला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर नाही. बॅक्टेरिया कारखान्यातल्या टाकीतच राहतो, त्याच्यात माणसाच्या हार्मोनची कृती लिहिलेला जीन घातलेला असतो, तो वाढताना ही साखळी बनवतो, मग पेशी फोडून, वेगळं काढून, शुद्ध करून तेवढा पेप्टाइड, म्हणजे ही छोटी साखळी, पेनमध्ये भरतात. त्यांना मी म्हटलं, "आई, तुमच्याच गळ्यात जे बनतं त्याचाच तुकडा आहे हा, फक्त बाहेर बनवलेला." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

पण हे ऐकायला वाटतं तितकं सोपं नाहीये. एवढीशी साखळी बॅक्टेरियाच्या पोटात टिकत नाही. पेशीला ती कचरा वाटते आणि पेशीतलीच एन्झाइम्स तिचे तुकडे करून टाकतात. हा अडथळा अगदी पहिल्याच वेळी आला होता, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात, जेव्हा इताकुरा, रिग्ज, बॉयर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो ॲसिडचं हार्मोन ई-कोलायकडून बनवून घेतलं. माणसाचं हार्मोन बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायची ती पहिलीच वेळ. त्यांनी काय केलं, तर त्या छोट्या साखळीला बीटा-गॅलॅक्टोसिडेज या भल्यामोठ्या प्रथिनाच्या शेवटी जोडून टाकलं, म्हणजे पेशी तिला हात लावत नाही, आणि मध्ये एक मेथिओनिन हे अमिनो ॲसिड ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड नावाचं रसायन बरोब्बर मेथिओनिनपाशी कापतं, त्यामुळे नंतर हार्मोन सुटं करता आलं. पुढच्याच वर्षी इन्सुलिन याच वाटेने गेलं आणि १९८२ मध्ये बाजारात यायची परवानगी मिळाली.

आणि आता आपल्या पेनमधली साखळी बघा. तिच्या स्वतःच्या पोटातच दोन मेथिओनिन आहेत, ८ व्या जागी एक आणि १८ व्या जागी एक. म्हणजे ते जुनं रसायन वापरलं तर औषधाचेच तीन तुकडे होणार. म्हणून इथे नेमक्या जागीच कापतील अशी एन्झाइम्स लागतात, आणि कापून झाल्यावर चुकीच्या जागी तुटलेले, अर्धवट राहिलेले सगळे तुकडे निवडून बाहेर काढावे लागतात, कारण ३४ च्या जागी ३३ अमिनो ॲसिडची साखळी राहून गेली तर तीही अशुद्धीच. औषध महाग का, याचं निदान अर्धं उत्तर तरी मला इथे मिळालं. हल्ली काही कंपन्या हाच पेप्टाइड बॅक्टेरियाशिवाय, रसायनशाळेत एकेक अमिनो ॲसिड जोडूनही बनवतात, तेही चालतं, खोक्यावर बघितलं की कळतं.

हे दोन मेथिओनिन लक्षात ठेवा, फ्रीजच्या भागात परत येणार आहेत.

पेनबद्दल. आमचं पेन आधीच भरलेलं येतं, २८ दिवसांचं. डोस एकच, २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०८ मिली, डोळ्याला थेंबभर. मागचा नॉब ओढला की तेवढाच डोस भरतो, इन्सुलिनसारखं आकडा फिरवून निवडायची भानगडच नाही, आणि म्हाताऱ्या माणसासाठी ही सगळ्यात चांगली गोष्ट. (काही ब्रँडमध्ये पेन एकदाच घ्यायचं आणि आत कार्ट्रिज बदलायची असते, ते थोडं स्वस्त पडतं पण कार्ट्रिज बसवायला घरात कुणीतरी सराईत हवं.) सुया वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, पेनबरोबर येतीलच असं नाही, हे आधीच विचारून घ्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी पेन हातात आणि सुई नाही. आम्ही ४ मिमीची ३२ गेजची सुई वापरतो. केसासारखी बारीक आहे, सासूबाई म्हणतात मुंगी चावल्याएवढंही कळत नाही, पण औषध फ्रीजमधून काढून लगेच टोचायचं असल्याने तो गारवा आत जाताना त्यांना जाणवतो आणि त्या दर वेळी खांदे आक्रसतात.

टोचायचं मांडीत किंवा पोटावर, जागा रोज बदलायची. बटण पूर्ण दाबून सावकाश पाच आकडे मोजायचे आणि मगच सुई काढायची. ही पाच आकड्यांची गोष्ट फार महत्त्वाची आहे, डोस इतका थोडा असतो की घाईने सुई ओढली तर त्यातला बराचसा भाग कातडीवर थेंब होऊन बाहेर बसतो. सुई दर वेळी काढून ठेवायची, पेनवर तशीच ठेवली तर औषध गळतं आणि आत हवेचे बुडबुडे धरतात. वापरलेल्या सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाकतो आणि भरली की दवाखान्यात नेऊन देतो, घंटागाडीत टाकू नका प्लीज, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतात.

सुरुवातीचे काही डोस बसवून किंवा आडवं करूनच द्या. रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते हे कागदावर लिहिलेलं असतंच, आणि जिच्या मणक्याला आधीच फ्रॅक्चर आहे ती बाई चक्कर येऊन पडली तर सगळंच उलटं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोनदा डोळ्यापुढे अंधारी आली, पलंगावरच असल्याने निभावलं, नंतर आपोआप थांबलं. म्हणून आम्ही रात्री झोपताना देतो. पोटऱ्यांत गोळे येणं हा दुसरा त्रास, तो अजूनही मधूनमधून होतो. मळमळ आम्हाला नाही झाली, ओळखीतल्या एका काकूंना बरीच झाली होती.

आता फ्रीज. २ ते ८ अंश, उघडण्याआधीही आणि उघडल्यानंतरही. इन्सुलिनचं चालू पेन बाहेर ठेवता येतं म्हणून लोक याचंही तेच करतात, तसं नाहीये. इथे ते दोन मेथिओनिन परत आले. मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटतो, ऊब आणि उजेड मिळाला की लवकर चिकटतो, आणि तसं झालं की पेप्टाइडचा जोर कमी होतो. बाहेरून बघून काही कळत नाही! पाण्यासारखं स्वच्छच दिसतं. गढूळ किंवा रंग आलेलं असेल तर टाकायचंच, पण स्वच्छ आहे म्हणजे चांगलं आहे असं अजिबात नाही. फ्रीझरमध्ये किंवा फ्रीझरला चिकटूनही नको, एकदा गोठलं की गेलं. दारातही नको, दार दिवसभर उघडतं. आम्ही मधल्या फळीवर एका छोट्या डब्यात ठेवतो, झाकणावर पेन कधी उघडलं ती तारीख लिहून, आणि २८ दिवस झाले की आत औषध शिल्लक दिसलं तरी टाकून देतो. शिल्लक दिसतंच थोडं, जीव तुटतो, पण टाकायचं.

आणि आता माझी खरी तक्रार. एका मेडिकलमध्ये पेन मागवलं होतं, घ्यायला गेले तर काउंटरवर ठेवलेलं, फ्रीजमध्ये नाहीच. कधीपासून बाहेर आहे विचारलं तर "मॅडम काही होत नाही, आत्ताच आलंय". मी घेतलं नाही. मग एका ऑनलाइन ठिकाणाहून मागवलं, एप्रिलचं ऊन, खोकं आलं तेव्हा आतला आईसपॅक पाणी होऊन कोमट झालेला, परत पाठवायचं म्हटलं तर कस्टमर केअरवरच्या मुलीला औषध थंड लागतं हेच माहीत नाही, तिला मी फोनवर समजावतेय. पैसे मिळाले परत पण मधले दिवस आधीच्या पेनवर निभावले म्हणून ठीक. जो ग्राहक विचारत नाही त्याचं काय होत असेल? चार आकडी रक्कम दर महिन्याला भरायची, रोज सुई टोचून घ्यायची, आणि आत जोर गेलेलं पाणी. कळणार कधी, तर दुसरं फ्रॅक्चर झाल्यावर. शेवटी मिरजेत हॉस्पिटलच्या जवळचा एक मेडिकलवाला मिळाला, तो स्टॉकिस्टकडून आला की लगेच फ्रीजमध्ये ठेवतो, फोन करतो आणि मी थर्मासची पिशवी आणि आईसपॅक घेऊन जाते. आईसपॅक पेनला थेट लागू देऊ नका, मध्ये रुमाल ठेवा. किमतीचंही सांगते, छापील किंमत आणि प्रत्यक्ष हातात पडणारी किंमत यात बराच फरक असतो, दोनतीन ठिकाणी विचारा, पण स्वस्तासाठी दर महिन्याला ब्रँड बदलू नका, पेनची पद्धत बदलली की म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो. बदलायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

माहितीचा कागद इंग्रजीत, आणि अक्षर मुंगीएवढं. महाराष्ट्रात विकलं जाणारं, घरी स्वतःच्या हाताने टोचायचं औषध, आणि पाच आकडे मोजा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, पहिले डोस बसून घ्या ही तीन वाक्यं मराठीत छापायला काय लागतं? मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवलीत.

गुण आला का, हे सगळे विचारतात. पाठदुखी आमच्याकडे काही महिन्यांत बरीच कमी झाली, पण ती मणका आपणहून जुळल्यामुळेही कमी होते त्यामुळे सगळं श्रेय पेनला देत नाही. वर्षभराने डेक्सा केली तर कण्याचा आकडा स्पष्ट सुधारला, खुब्याचा जवळजवळ तिथेच. डॉक्टर म्हणाले असंच अपेक्षित आहे, कण्यात लवकर आणि जास्त दिसतं. मुख्य म्हणजे नवीन मणका दबलेला नाही, आणि खरा हेतू तोच होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,६३७ बायका होत्या, सगळ्यांचा आधी मणका दबलेला. नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना नवीन मणक्याचं फ्रॅक्चर झालं, २० मायक्रोग्रॅमवाल्यांपैकी ५ टक्क्यांना. नंतर हाड टिकवणाऱ्या गोळीशीही तुलना झाली, रायसेड्रोनेटशी, दोन वर्षांत गोळीवाल्या १२ टक्के आणि टेरिपॅराटाइडवाल्या ५.४ टक्के. हे आकडे वाचल्यावर आमच्या घरातला "गोळीवर भागेल का" हा प्रश्न संपला.

कॅन्सरची भीती कुणीतरी घालतंच, आमच्याकडे नात्यातल्याच एकांनी घातली. त्यामागची गोष्ट अशी की उंदरांना बराच काळ मोठे डोस दिल्यावर त्यांच्यात हाडाचा कॅन्सर दिसला होता, म्हणून खोक्यावर मोठा इशारा असायचा. पुढे इतकी वर्षं माणसांवर लक्ष ठेवून तसा वाढीव धोका आढळला नाही आणि २०२० मध्ये एफडीएने तो इशारा काढला. पण ज्यांना हाडाचा कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय, हाडांवर रेडिएशन झालंय, पॅजेट्स नावाचा हाडांचा आजार आहे, किंवा रक्तात कॅल्शियम मुळातच जास्त आहे, त्यांच्यासाठी हे नाही, आणि मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्तातलं कॅल्शियम तपासायचं असेल तर इंजेक्शननंतर किमान १६ तासांनी रक्त द्यायचं, आधी दिलं तर आकडा उगाच वर दिसतो. रात्री टोचत असाल तर सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन उपयोग नाही, दुपारनंतर जा. हे आम्हाला लॅबवाल्याने नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

अजून एक, आणि हे डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी ऐकून घ्या: कोर्स संपला की हे औषध थांबतं आणि नंतर काहीच घेतलं नाही तर बांधलेलं हाड परत उतरायला लागतं. त्यामुळे लगोलग हाड टिकवणारं दुसरं औषध सुरू करावं लागतं, आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन. दोन वर्षं इंजेक्शनं घेऊन नंतर "आता बरं वाटतंय" म्हणून सगळंच सोडलेली माणसं मला दवाखान्याच्या बाकावर भेटलीत आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना गोळी जमणार नाही, ती उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं आणि त्यांना ॲसिडिटी आहे, त्यामुळे आमची सलाइन ठरलीय, त्याआधी किडनीची तपासणी आणि व्हिटॅमिन डी बघणार आहेत.

ज्यांच्याकडे रोज वेळेवर टोचायला माणूस आहे, फ्रीज भरवशाचा आहे आणि दोन वर्षांचा खर्च झेपणार आहे, त्यांनी डॉक्टर म्हणत असतील तर बिनधास्त सुरू करा. दुकानात पेन हातात घेताना खोकं गार लागतंय का ते बघा, नसेल तर तिथल्या तिथे परत द्या. सांगली-मिरज भागात कुणी घेत असेल आणि सुया किंवा थर्मासची पिशवी कुठली चांगली हे हवं असेल तर खाली विचारा, सांगते.